पीळ

दादाने उशाशी पडलेला ओला टॉवेल उचलला, दोन्ही मुठींत धरला आणि धुणं पिळतात तसा पिळला. मग तो पीळ न सोडता बेंबीच्या जरा वर आणून टेकवला आणि डॉक्टरकडे बघितलं.

"आतून कुणीतरी पिळतंय म्हणतो," शेजारी उभ्या असलेल्या बहिणीने सांगितलं. "आणि पिळून सोडत नाही. तसंच धरून ठेवलंय."

तरुण डॉक्टरने दादाचं पोट ठिकठिकाणी दाबून पाहिलं. सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती; त्याच्या तोंडावरच्या मास्कला अजून घडीच्या रेघा होत्या.

"पोट तर मऊ आहे," तो म्हणाला. "एवढं ओरडण्यासारखं हाताला काही लागत नाही."

आपण ओरडतोय हे दादाला ठाऊक नव्हतं. जन्मापासून त्याला ऐकू येत नव्हतं. घशातून निघणारा तो खरबरीत, एकसुरी आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता, त्यामुळे तो आवरायचा असतो हेही त्याला कळायचं कारण नव्हतं. पलीकडच्या खाटांवरची माणसं माना वळवून बघत होती.

डॉक्टर नर्सकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ह्यांना बोलता येत नाही ना, मग सगळं जरा वाढवूनच दाखवतात. एक इंजेक्शन देऊन ठेवा."

दादाने बहिणीच्या कोपराला हात लावला आणि हनुवटी वर केली. काय म्हणाला?

"म्हणाला, नीट समजलं," तिने हातांनी सांगितलं. "आता इंजेक्शन देतील, मग तपासण्या करू म्हणाला."

दादाने मान डोलावली. तळहात छातीशी नेऊन त्याने डॉक्टरचे आभार मानले. डॉक्टर तोवर पुढच्या खाटेकडे गेला होता.

हे काम ती बोलायला लागल्यापासून करत आली होती. घरातली खुणांची भाषा आईने आणि दादाने मिळून तयार केली होती. दादाच्या शाळेतली रीतसर भाषा पुढे तिच्यात येऊन मिसळली. त्या भाषेत बहिणीचं नाव दादाने ठेवलं होतं: नाकाखालून आडवं बोट फिरवायचं. शेंबडी. आता तिचे केस पांढरे झाले होते, ती शाळेत भूगोल शिकवत होती आणि वरच्या वर्गातली दांडगी मुलंही तिला टरकून असत. घरी आली की मात्र ती शेंबडीच होती.

दोघं बाहेर निघाली की आई बजावायची, "तो काय म्हणतो ते लोकांना नीट सांग, आणि लोक काय म्हणतात ते त्याला नीट सांग." ह्यातलं दुसरं 'नीट' पहिल्यासारखं नाही, हे तिला फार लवकर उमगलं. दुकानदार म्हणायचा, "त्या ठोंब्याला काय हवंय विचार," आणि ती सांगायची, काका विचारतायत काय देऊ. पुढे ती कॉलेजात असताना दादाला एक स्थळ सांगून आलं. मुलीच्या मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगी द्यायला हरकत नाही हो, पण पोरंही अशीच निपजली तर काय करायचं?" नवा शर्ट घालून बसलेल्या दादाने हनुवटी वर केली. तिने सांगितलं, मुलीला अजून शिकायचंय. दादाने मान डोलावली, मामांकडे बघून हसला आणि बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. त्यानंतर त्याने लग्नाचा विषय काढला नाही आणि दुसऱ्या कुणाला काढूही दिला नाही.

तो दातांच्या लॅबमध्ये काम करायचा. दातांचे डॉक्टर माणसांच्या जबड्यांचे ठसे पाठवत, आणि त्यावरून प्लॅस्टरचा जबडा ओतून, मेणात एकेक दात बसवून दादा कवळी तयार करी. शहरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात, असं तो ऐटीत सांगायचा. नवरा गेल्यावर बहीण त्याच्याकडे राहायला आली, तेव्हा पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने मांडलेले जबडे बघून ती दचकली होती. दादाने त्यातले दोन उचलले, एकावर एक धरून त्यांची उघडझाप केली आणि त्यांच्याकडून तिला "ये, बस" म्हणवलं. कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

पोटाचं दुखणंही जुनंच. वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी तो जेवणावरून उठायचा, पोटाखाली उशी घेऊन पालथा पडायचा आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत येऊन बसायचा. घरात त्याला 'दादाचा गॅस' म्हणत. त्या दिवशी उजाडता उजाडता तो तसाच उशी घेऊन पालथा पडला. ह्या वेळी मात्र त्याला उठता येईना.

सोनोग्राफीतही गॅसच निघाला. "एवढ्या गॅसमागचं काही दिसत नाही," यंत्रावरचा माणूस म्हणाला. रक्ताचे रिपोर्ट बरे आले. आणखी एक इंजेक्शन झालं. दुपारी केव्हातरी दादाचं ओरडणं थांबलं, तेव्हा तिला हायसं वाटलं. तिने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला, आणि चादर सारखी करताना तिचा हात त्याच्या पोटाला लागला. पोट फळीसारखं कडक झालं होतं.

मग मात्र धावपळ झाली. सर्जनबाईंना बोलावलं. त्या ठेंगण्या होत्या, झपझप चालत आल्या आणि दादाच्या पोटाला त्यांनी एकदाच, दोन बोटांनी हात लावला. मग खाटेच्या कडेला टेकून बहिणीला म्हणाल्या, "आत काहीतरी अडकलंय. बाहेरून कळत नाही. पोटाला तीन बारीक भोकं पाडून दुर्बीण आत घालते. कारण दिसलं तर तिथल्या तिथे सोडवू. नाही जमलं, तर पोट उघडावं लागेल. ह्यांना सगळं सांगा."

तिने सांगितलं. शेवटचं वाक्य तेवढं गाळलं.

दादाच्या एका हाताला सलाइन लावलेलं होतं. तो दुसऱ्या हाताने बोलत होता, त्यामुळे त्याचं बोलणं तोतऱ्यासारखं, अर्ध्या अर्ध्या शब्दांचं येत होतं.

"दाराच्या कुलपाच्या भोकातून बघायचं, तसं का?"

"तसंच."

"म्हणजे तुझ्यासारखं." लहानपणी पाहुणे आले की ती बाहेरच्या खोलीच्या दाराला डोळा लावून बसायची. "काय दिसणार त्यांना आत? सगळा गॅस."

ती हसली. ते काय म्हणाले, असं सर्जनबाईंनी विचारलं, आणि तिने सांगितल्यावर मास्कच्या वर त्यांचे डोळे बारीक झाले. दादाने त्या डोळ्यांकडे बघून अंगठा वर केला. मग त्याला आत नेलं.

बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग होती, एकाच लोखंडी पट्टीवर बसवलेली. दुसऱ्या टोकाला एक माणूस फोनवर छत गळत असल्याची तक्रार करत होता, आणि तो हातवारे करायला लागला की ह्या टोकाची तिची खुर्चीही हलायची. ती मनात आखणी करू लागली. शाळेत रजा सांगायची. पातळ, पचायला हलकं असं काहीतरी रोज करायचं. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे हल्ली काहीच नाही. चित्रकलेच्या बाईंचं पित्ताशय तसंच काढलं होतं आणि पुढच्या आठवड्यात त्या वर्गावर हजर होत्या. शिवाय आता कारणच सापडणार होतं. आता त्या दुखण्याला दादाचा गॅस म्हणायची सोय राहणार नाही, ह्याचीही तिला गंमत वाटली.

दार फार लवकर उघडलं. म्हणजे विशेष काही नव्हतंच, असं वाटून ती उठली.

सर्जनबाई तिच्याजवळ आल्या आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या. उभ्याने बोलल्या असत्या तर तिला आशा वाटली असती.

"आपली आतडी एका पातळ पडद्याने मागे बांधलेली असतात," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या पडद्यात एक भोक होतं. जन्मापासूनचं. फार क्वचित असतं ते, आणि असलं तरी पुष्कळांना मरेपर्यंत कळत नाही. अधूनमधून आतड्याचा वळसा त्या भोकातून पलीकडे जात असणार आणि आपला आपण परत येत असणार."

"तो पालथा पडायचा," ती म्हणाली. "उशी घेऊन."

"हं. ह्या वेळी परत आलं नाही. जवळजवळ सगळं लहान आतडं पलीकडे गेलं आणि त्याला पीळ पडला. रक्त पोचायचं बंद झालं."

"मग पीळ सोडवलात ना?"

"सोडवला." सर्जनबाईंनी आपल्या बोटांकडे बघितलं. हातमोज्यांतल्या घामाने ती सुरकुतली होती. "सोडवून थांबलो. कधीकधी आतड्याचा रंग परत येतो. कोमट पाण्याने शेकून बघितलं. नाही आला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत काळं पडलंय."

"काढून टाकता येत नाही?"

"काढायचं म्हटलं तर मागे काही उरतच नाही. आणि त्यांचं ब्लडप्रेशर आत्ताच औषधांवर कसंबसं धरलंय. एवढं मोठं ऑपरेशन म्हणजे टेबलावरच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मी दुर्बीण काढली, भोकं शिवली आणि बाहेर आले."

फोनवरच्या माणसाने बोलणं संपवलं होतं. तो हळूच उठला आणि लांब खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"सकाळीच केलं असतं तर?"

"ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या, आणि ते आहे, हे तिला कळलं.

"ते शुद्धीवर येतील," सर्जनबाई पुढे म्हणाल्या. "दुखणार नाही, तेवढं मी बघते. उद्याचा दिवस मिळेल कदाचित. त्यांना हे मी स्वतः सांगणार आहे. तुम्ही फक्त त्यांच्यापर्यंत पोचवा. त्यांचं आयुष्य आहे, त्यांना कळायला हवं."

"हो," ती म्हणाली.

अंधार पडायच्या आत दादाने डोळे उघडले. नाकाला ऑक्सिजनची नळी होती. पोटावर तीन छोट्या पट्ट्या होत्या, पाकिटावर तिकिटं लावावीत तेवढ्याच. एवढ्याशा जखमांच्या आत एवढं मोठं काही बिघडलेलं असेल, हे बघणाऱ्याला खरं वाटलं नसतं. त्याने नाकाखालून बोट फिरवलं आणि मग तिच्या डोळ्यांकडे दाखवलं. "रडलीस?"

"सर्दी झालीय. दुखतंय का?"

"नाही." त्याने मूठ हवेत उघडली. "सुटलं."

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच सुटका दिसत होती. गाल ओढलेले होते, पण कपाळावरची आठी गेली होती, आणि आठी गेल्याने तो तरुण दिसत होता.

सर्जनबाई आल्या. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला. "ह्यांना माझा चेहरा तरी दिसू दे," त्या बहिणीला म्हणाल्या. मग दादाकडे बघत सावकाश बोलू लागल्या. प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबत होत्या, बहिणीच्या हातांना वेळ देत होत्या.

"आम्ही दुर्बिणीने आत बघितलं. तुमच्या पोटातल्या पडद्याला जन्मापासून एक भोक होतं. त्यातून आतडं गेलं आणि त्याला पीळ पडला."

तिच्या हातांनी ते जसंच्या तसं सांगितलं.

"पीळ सोडवला. पण आतडं मेलेलं आहे. ते परत जिवंत होणार नाही."

"पीळ सोडवला," तिने सांगितलं. "आतडं दमलंय. त्याला विश्रांती लागेल."

"ते काढणं शक्य नाही. मला फार वाईट वाटतं. तुम्हाला दुखू नये, एवढंच आता माझ्या हातात आहे."

तिचे हात जरा अडखळले. "काही काढावं लागलं नाही. आता दुखणार नाही. दोन-चार दिवस इथे ठेवतील, मग घरी."

"वेळ थोडा आहे. कुणाला भेटायचं असेल, काही सांगायचं असेल, तर वाट बघू नका."

"कुणी भेटायला आलं तर चालेल म्हणतात. लॅबमध्ये कळवू का?"

एरवी दादा तिच्या हातांवरून नजर हलवत नसे. आज त्याची नजर सर्जनबाईंच्या चेहऱ्यावरच होती. औषधांची गुंगी असेल, असं तिने मनाशी म्हटलं. तिला ते बरंही वाटलं, कारण तिची बोटं तिच्या ताब्यात नव्हती.

दादा थोडा वेळ छताकडे बघत राहिला. मग त्याने मोकळा हात उचलला.

"त्यांना विचार, शेंबडीलाही असेल का तसं भोक?"

"माझं काय मध्येच!"

"विचार."

तिने विचारलं. सर्जनबाईंनी चष्मा वर सरकवला आणि थेट दादाकडे बघत म्हणाल्या, "नाही. हे सहसा घराण्यात चालत येत नाही. बहिणीची काळजी करू नका."

दादाने मान डोलावली, डोकं उशीला टेकवलं आणि डोळे मिटले. तिने सांगायला उचललेले हात खाली घेतले.

बाहेर आल्यावर सर्जनबाईंनी विचारलं, "सगळं सांगितलंत ना?"

"सगळं."

"फार शांतपणे घेतलं त्यांनी."

"तो पहिल्यापासूनच तसा आहे," ती म्हणाली.

नर्सने तिला कपडे बदलून, चार घास खाऊन यायला घरी पाठवलं. शेजारीण दारातच होती. "कसे आहेत दादा?" तिने विचारलं, आणि बहिणीच्या तोंडून निघून गेलं, "बरे आहेत. ऑपरेशन छान झालं." शेजारणीने समाधानाने दार लावून घेतलं. आतल्या खोलीत दादाची उशी जमिनीवर होती, मध्ये खळगा पडलेली. तिने ती उचलली, झटकली, पलंगावर ठेवली. मग स्वयंपाकघरात दिवा लावून ती खिडकीच्या काचेसमोर उभी राहिली. काचेत तिचे हात दिसत होते. तिने सांगून बघितलं: दादा, डॉक्टर म्हणाल्या. इथवर हात गेले. पुढची खूण सोपी होती. वडील गेले तेव्हा ती दादाला तिनेच करून दाखवली होती. उघडा तळहात पालथा करायचा, एवढंच. तिने तळहात उघडला आणि तो तसाच उघडा धरून बराच वेळ उभी राहिली. शेवटी तिने दिवा घालवला. सकाळी सांगायचं, असं तिने ठरवलं.

सकाळी ती पोचली तेव्हा दादाच्या लॅबमधला सोबती आधीच येऊन बसला होता. त्याला सगळे बत्तीशी म्हणत, कारण तो हसला की अक्कलदाढांपर्यंत सगळं दिसायचं, आणि तो सारखाच हसायचा. फोनवर तिने त्याला एवढंच सांगितलं होतं की येऊन जा. तिचा चेहरा बघून त्याने तोंड मिटलं. आत एकालाच सोडत होते. "तुम्ही जाऊन या आधी," ती म्हणाली आणि काचेबाहेर उभी राहिली.

बत्तीशीने खुर्ची दादाच्या तोंडासमोर आणली, पँटच्या खिशांत हात घातले आणि बोलायला सुरुवात केली.

तिला आधी वाटलं, त्याचं तो बोलतोय, गोंधळलाय. पण दादा त्याच्या तोंडाकडे बघत होता आणि नेमक्या जागी भुवया उडवत होता. बत्तीशी काहीतरी सांगून हसला, तसा दादाही हसला, पोट धरून, आवाज न करता. मग त्याने मोकळ्या हाताने उत्तर दिलं. बत्तीशी पुन्हा बोलला. खिशांतले हात त्याने बाहेर काढलेच नाहीत.

नंतर दादाने बरंच काही सांगितलं. त्याचा हात आता बत्तीशीच्या आड गेल्याने तिला दिसत नव्हता, खांद्याची हालचाल तेवढी दिसत होती. बत्तीशीचे हात खिशांतून बाहेर आले आणि गुडघ्यांवर पडले. त्याने मान वळवून काचेतून तिच्याकडे बघितलं आणि झटकन नजर काढून घेतली.

बाहेर आल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"तुम्ही खुणा केल्या नाहीत," ती म्हणाली.

"मला कुठे येतात? त्याच्या मला कळतात, पण माझे हात असे अडाणी. आणि गरज काय? तो ओठ वाचतो ना."

"दादा?"

"कामाला लागला तेव्हापासून, ताई. मालकांच्या मिश्यांमुळे त्यांचं बोलणं कळत नाही म्हणाला, तर मालकांनी मिश्या उतरवल्या. त्यांच्या बायकोने आठवडाभर अबोला धरला होता." बत्तीशी हसायला गेला आणि थांबला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

तिने काचेतून आत बघितलं.

"मी एकदा विचारलं होतं त्याला," तो खाली बघत म्हणाला. "म्हटलं, बँकेत काय, दवाखान्यात काय, बहिणीला शाळा सोडून कशाला नेतोस बरोबर? तुला तर सगळं समजतं. तर म्हणाला, ती छान सांगते. लोक बोलतात त्याच्यापेक्षा किती तरी छान." त्याने बाहीने तोंड पुसलं. "येतो मी, ताई. काळजी..." एवढं म्हणून तो जिन्याकडे वळला.

तिला ते मामा आठवले. चहाचा कप खाली ठेवणारा हात, आणि वर गुळगुळीत दाढी केलेला चेहरा. तेव्हा दादाला लॅबमध्ये लागून वर्ष होऊन गेलं होतं. त्यानंतर दुकानं आठवली, कचेऱ्या आठवल्या, लग्नघरं आठवली, तिच्या सासरची माणसं आठवली. तिने आठवणं थांबवलं आणि ती आत गेली.

दादाचा श्वास रात्रीत उथळ झाला होता. ओठ कोरडे पडले होते. तिने त्याचा हात हातात घेतला. बोटं गार होती. मग तो हात तिने खाली ठेवला, कारण तिला तिचे दोन्ही हात लागणार होते.

"दादा," तिने सुरुवात केली. "डॉक्टर काल म्हणाल्या..."

त्याने बोट आडवं हलवून तिला थांबवलं.

"तेच सांग परत," तो एका हाताने, तुटत तुटत म्हणाला. "मला गुंगी होती. शेवटचं राहून गेलं."

त्याच्या डोळ्यांत गुंगी नव्हती. ते तिच्याकडे सरळ बघत होते, आणि त्यांत कसलीही विनवणी नव्हती.

"शेवटचं कुठलं?"

"घरी जायचं."

तिचे हात मांडीवर पडून राहिले. पलीकडच्या खाटेशी नर्स सलाइनची बाटली बदलत होती. बाटली बदलून झाली, नर्स निघून गेली. मग तिचे हात वर आले.

"दोन-चार दिवस इथे ठेवतील," तिने सांगितलं. "मग शुक्रवारी घरी सोडतील."

दादाने तोंड वाकडं केलं.

"शुक्रवारी नको. शुक्रवारी लिफ्ट बंद ठेवतात. ह्या पोटाने चार मजले कोण चढणार?"

"बरं. शनिवारी."

"शनिवारी," त्याने पक्कं केलं, आणि पुढचं बघायला मान तिच्याकडे वळवली.

तिने खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढून घेतली आणि शनिवारी सकाळपासून सांगायला सुरुवात केली.